छायाचित्रकार कुठे होता?

रशियाच्या अतिपूर्वेकडील एका जंगलात एक वाघीण मागच्या दोन पायांवर उभी राहून फरच्या जुन्या झाडाला मिठी मारते आहे. तिचा गाल सालीवर टेकलेला आहे, चेहऱ्यावर कमालीचे समाधान आहे, आणि हिवाळी उन्हाच्या तिरप्या उजेडात तिच्या अंगावरचे पट्टे आणि झाडाची खरखरीत साल एकाच कुंचल्याने रंगवल्यासारखी वाटतात. सर्गेई गोर्शकोव्ह यांच्या या छायाचित्राला २०२० सालचा ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ हा किताब मिळाला. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ नुसताच पाहत राहिलो, आणि मग जुन्या सवयीने नजर चित्राखालच्या तांत्रिक तपशिलाकडे वळली. कॅमेरा होता निकॉनचा झेड ७, आणि लेन्स होती ५० मिलिमीटरची.

ज्याने थोडाफार कॅमेरा हाताळला आहे त्याला या आकड्यापाशी थबकल्याशिवाय राहवणार नाही. ५० मिलिमीटर ही अगदी साधी, हौशी माणूसही सुरुवातीलाच घेतो अशी लेन्स आहे. डोळ्यांना समोरचे दृश्य जेवढे मोठे दिसते, साधारण तेवढेच ती दाखवते. दूरचे जवळ आणण्याची कसलीही करामत तिच्या अंगी नसते. या लेन्सने वाघीण चौकटीत एवढी ठळक दिसायची असेल, तर कॅमेरा तिच्यापासून काही पावलांवरच असायला हवा. जगातल्या अत्यंत दुर्मीळ आणि माणसाला क्वचितच दर्शन देणाऱ्या प्राण्यापासून काही पावलांवर! मग तिथे उभे कोण होते?

उत्तर असे की तिथे कोणीही नव्हते. गोर्शकोव्ह यांनी जानेवारी २०१९ मध्ये त्या झाडासमोर हालचाल टिपणारा कॅमेरा बसवला, आणि हवे ते छायाचित्र त्यांच्या हाती लागले नोव्हेंबरमध्ये. ते झाडही त्यांनी असेच निवडले नव्हते. वाघ झाडाच्या बुंध्याला गाल आणि अंग घासून आपला गंध मागे ठेवतात, ती त्यांची एकमेकांना कळवण्याची रीत असते. गोर्शकोव्ह जंगलभर हिंडून असे वास, सालीत अडकलेले केस आणि नखांचे ओरखडे शोधत होते. म्हणजे छायाचित्र निघाले त्या क्षणी ते कुठेतरी दूर होते, पण त्याच्या कितीतरी आधी त्यांनी ते झाड वाघिणीच्या नजरेने वाचून ठेवले होते. तेव्हापासून गौरवलेले कोणतेही वन्यजीव छायाचित्र पाहताना मी मनाशी एकच प्रश्न विचारतो: हे निघाले तेव्हा छायाचित्रकार कुठे होता? साधनांविषयी मला जे काही कुतूहल आहे, ते सगळे या एका प्रश्नाच्या पोटात मावते.

पूर्वी तसे नव्हते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडून ऑक्टोबरात या स्पर्धेचे निकाल जाहीर झाले की मी प्रत्येक चित्राखालची ती बारीक अक्षरातली ओळ आधी वाचत असे आणि चित्र नंतर पाहत असे. कोणता कॅमेरा, किती मिलिमीटरची लेन्स, शटरचा वेग किती, आयएसओ, म्हणजे उजेडाबाबतची संवेदनक्षमता, किती, हे सगळे वहीत उतरवून घेत असे. आपल्याजवळ ती लेन्स नाही म्हणून आपल्या हातून तसे चित्र होत नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आज ती वही चाळताना वाटते की मी आकडे लिहून घेतले, पण त्यांचा अर्थ लिहून घेतला नाही. त्या ओळीतला प्रत्येक आकडा म्हणजे प्राणी आणि माणूस यांच्यात किती अंतर होते आणि किती उजेड होता याची नोंद असते, हे कळायला मला एक लेन्स काही दिवस उसनी मिळावी लागली.

ती ६०० मिलिमीटरची, एफ ४ ची लेन्स होती. माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी ती मोठ्या विश्वासाने माझ्या हवाली केली. तिचे पेटाऱ्यासारखे खोके उघडून ती बाहेर काढली तेव्हा पहिल्यांदा जाणवला तो तिच्या पुढच्या काचेचा आकार. एफ ४ या आकड्याचा अर्थच असा की लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे तो मिलिमीटरांतला आकडा, भागिले चार एवढे तिचे तोंड रुंद हवे. ६०० ला चारने भागले की १५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा फूट व्यासाची काच. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या ज्या अंधुक उजेडात बहुतेक प्राणी बाहेर पडतात, तो उजेड वेचून घेण्यासाठी एवढे मोठे तोंड लागते, आणि लेन्सचे वजन, आकार, किंमत हे सगळे त्या एका गरजेतून येते. पंचवीसेक वर्षांपूर्वी अशा लेन्सचे वजन पाच किलोंच्या वर जात असे. आता ते तीन किलोंच्या आसपास आले आहे. काही कंपन्या या लेन्स पांढऱ्या रंगात का काढतात, हेही मला तेव्हाच समजले. त्यांच्या आतले काही भाग काचेऐवजी फ्लोराइटच्या स्फटिकाचे असतात, फ्लोराइट उष्णतेने काचेपेक्षा अधिक प्रसरण पावते, म्हणून उन्हात लेन्स कमी तापावी यासाठी तो पांढरा लेप.

पण लेन्स हातात आली म्हणून चित्र हातात येत नाही. ६०० मिलिमीटरमधून दहा मीटरवरचा पक्षी पाहिला तर चौकटीची रुंदी जेमतेम साठ सेंटीमीटर भरते, आणि एफ ४ वर त्यातली फक्त सहासात सेंटीमीटर जाडीची एक पट्टी सुस्पष्ट येते. पक्ष्याच्या डोळ्यावर फोकस बसला तर शेपटी धूसर होते. शेपटीवर बसला तर चित्र टाकून द्यावे लागते. पक्षी मान वळवतो, वारा फांदी हलवतो, आपला श्वास लेन्सला वरखाली करतो. दुपारी जमीन तापली की हवाच थरथरू लागते, आणि मग शंभर मीटरवरचा प्राणी पाण्याखाली बुडाल्यासारखा लवलवत राहतो. तिथे कोणतीही लेन्स कामाला येत नाही. पहिले दोन दिवस मी शेकडो चित्रे काढली, आणि त्यातले एकही ठेवावेसे वाटले नाही.

तिसऱ्या दिवशी एका तळ्याच्या काठी, गाडीच्या खिडकीवर बीनबॅग, म्हणजे दाणे भरलेली छोटी पिशवी, ठेवून आणि तिच्यावर लेन्स टेकवून मी आणि माझे ते स्नेही बसलो होतो. पाण्यावर ओणवलेल्या वाळक्या फांदीवर खंड्या येऊन बसला. त्याची चोच, छातीवरची पिसे, पाण्याकडे लागलेली नजर हे सगळे मला इतके स्पष्ट दिसत होते की मी श्वास रोखून धरला. शटर दाबले. त्याच्या आवाजासरशी खंड्याने मान वळवून थेट लेन्सकडे पाहिले, आणि पुढच्या क्षणी फांदी रिकामी होती. मला वाटले, आपण हललो असणार. स्नेही शांतपणे म्हणाले, “तू त्याला दिसला नाहीस. ऐकू आलास.” आरशाच्या कॅमेऱ्यांत दर चित्रामागे आरसा उचलला जातो, पडदा सरकतो आणि आरसा पुन्हा आपटतो, माणसांच्या गर्दीत जो आवाज कोणाच्या कानावरही येत नाही, तो तळ्याच्या काठी खंड्याला पुरेसा होता.

ते पुढे जे म्हणाले ते मी विसरलेलो नाही. “ही लेन्स जवळ जाण्यासाठी आहे असे लोकांना वाटते. ती लांब थांबता यावे म्हणून आहे.” वाक्य ऐकायला साधे होते, पण ते पटायला मला माझीच एक जुनी चूक आठवावी लागली.

त्याच्या काही वर्षे आधी, माझ्याकडे साधी, कमी पल्ल्याची लेन्स असताना, एका माळावर मला टिटवीचे घरटे सापडले होते. घरटे कसले, खड्यांमध्ये उकरलेली एक उथळ खळगी आणि तिच्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. लेन्स अपुरी असल्याने मी पुढे पुढे सरकत गेलो. टिटवी ओरडत डोक्यावरून झेपावू लागली, मग जमिनीवर उतरून पंख पसरून, जखमी असल्यासारखी फरफटत दुसऱ्या दिशेला जाऊ लागली. त्या पसरलेल्या पंखांचे, उघड्या चोचीचे, मागे ताज्या उन्हाचे चित्र मला विलक्षण वाटले. ते मी मोठे करून भिंतीवर लावले होते. येणारे जाणारे त्याची तारीफ करत, आणि मीही ती मनापासून स्वीकारत असे.

उसन्या लेन्सचे दिवस संपल्यावर एका संध्याकाळी मी त्या चित्रासमोर उभा राहिलो आणि स्वतःला तोच प्रश्न विचारला. छायाचित्रकार कुठे होता? छायाचित्रकार अंड्यांपासून चार पावलांवर होता, आणि चित्रात जे काही दिसत होते ते केवळ त्यामुळेच घडले होते. तो पक्षी माझ्याकडे पाहून, माझ्यामुळे, मला तिथून घालवण्यासाठी जिवाच्या आकांताने ओरडत होता. मी त्याचे चित्र काढले नव्हते, मी त्याला दिलेल्या त्रासाचे चित्र काढले होते. चित्र मी भिंतीवरून उतरवले.

वन्यजीव छायाचित्रणाचा इतिहास या बाजूने वाचला की तो फार वेगळा दिसतो. जॉर्ज शिरास या अमेरिकी माणसाने १८९० च्या दशकात रात्रीच्या अंधारात प्राण्यांची छायाचित्रे काढायला सुरुवात केली. त्याने पद्धत उचलली ती शिकारीची: होडीच्या नाळेवर दिवा ठेवायचा, वल्ही आवाज न करता मारायची, काठावर पाणी पिणाऱ्या हरणाचे डोळे उजेडात चमकले की त्या रोखाने जायचे. फरक एवढाच की त्याने चाप ओढण्याऐवजी मॅग्नेशियमची भुकटी पेटवली. मोठा आवाज, डोळे दिपवणारा लोळ, धूर, आणि मग पूर्ण अंधार. दचकून हवेत उसळलेली हरणे त्याच्या काचेवर उमटली. या चित्रांना १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, आणि जुलै १९०६ मध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्याची ७४ छायाचित्रे एकाच अंकात छापली. रात्रीचे जंगल लोकांनी तोवर असे पाहिलेच नव्हते. आज ती पाहताना मी त्यांच्या सौंदर्यापुढे नतमस्तक होतो, आणि त्याच वेळी प्रत्येक हरणाच्या ताणलेल्या अंगात मला तो स्फोट ऐकू येतो. तरीही पुढची वाट शिरासनेच दाखवली. वाटेवर तार ताणून ठेवायची, प्राण्याचा पाय तिला लागला की फ्लॅश पेटेल आणि शटर उघडेल, अशी योजना त्याने केली. प्राण्याने स्वतःच स्वतःचे चित्र काढायचे, ही कल्पना तिथून सुरू झाली. १९२० च्या दशकात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी याच पद्धतीने हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलात रात्री फिरणारे वाघ टिपले.

इंग्लंडमध्ये शिरासच्याच सुमारास रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे भाऊ पक्ष्यांच्या मागे होते. त्यांच्याकडे लांब पल्ल्याची लेन्स नव्हती, तेव्हा पक्ष्याला न कळता जवळ जाण्याचा एकच मार्ग उरत होता, आणि त्यासाठी त्यांनी आतून पोकळ असा पेंढा भरलेला बैल करवून घेतला. एक माणूस त्या बैलाच्या पोटात कॅमेरा घेऊन उभा राहत असे. गुरांना पक्षी भीत नाहीत, हे निरीक्षण त्यामागे होते. मला त्या बैलाबद्दल नितांत आदर आहे. आजच्या कापडी लपणात बसणारा प्रत्येक जण त्या बैलाच्याच पोटात बसलेला असतो.

आणि जवळ जाण्याची किंमत नेहमी पक्ष्यानेच मोजली असेही नाही. एरिक हॉस्किंग हे विसाव्या शतकातले मोठे पक्षी छायाचित्रकार; १९३७ मध्ये टॉनी जातीच्या घुबडाने पिलांच्या रक्षणासाठी केलेल्या हल्ल्यात त्यांचा डावा डोळा गेला. त्यानंतरही ते आयुष्यभर पक्ष्यांची छायाचित्रे काढत राहिले. १९६५ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि डेव्हिड अॅटनबरो यांच्या हस्ते पहिला पुरस्कार दिला गेला, तेव्हा विजेत्या चित्रात पिलाला भरवणारे घुबड होते, तेही टॉनी जातीचेच. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो फार जवळचा वाटतो: एकाच जातीच्या पक्ष्याने एकाचा डोळा घेतला आणि दुसऱ्याला या परंपरेतले पहिले मानाचे पान दिले. त्या पहिल्या वर्षी काही शेच चित्रे आली होती. २०२५ च्या स्पर्धेत ती साठ हजारांहून अधिक होती.

तारेची जागा आता संवेदकाने घेतली आहे. आजच्या कॅमेरा ट्रॅपमधले, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप चित्र काढणाऱ्या कॅमेऱ्यातले, साधे उपकरण प्राण्याच्या अंगातून निघणारी उष्णता, म्हणजेच अवरक्त किरण, ओळखते. सभोवतालच्या तापमानापेक्षा वेगळ्या तापमानाचे काही समोरून सरकले की ते कॅमेऱ्याला जागे करते. हे लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात कडक उन्हात सभोवतालच प्राण्याच्या अंगाइतके तापते आणि संवेदकाला फरक कळेनासा होतो. थंडीत तो फरक स्वच्छ कळतो, पण बॅटरी लवकर मान टाकते. हलणारी पाने खोटी हाक देतात, पेटीत मुंग्या शिरतात, काचेवर दव साचते, एखादा मोठा प्राणी कुतूहलाने सगळेच उखडून टाकतो. आणि हे सगळे निभावले तरी खरे काम उरतेच. फोकस आधीच, रिकाम्या जागेवर, जिथे प्राणी येईल असा आपला अंदाज आहे तिथे लावून ठेवायचा असतो. उजेडही आधीच ठरवायचा असतो. चौकट पूर्ण रचायची, आणि तिच्यातली मुख्य जागा मोकळी सोडून निघून जायचे. यंत्राने आपोआप काढलेल्या चित्राला कसले बक्षीस, असे म्हणणारे अनेक जण मला भेटले आहेत. मला मात्र कोणत्याही चित्रप्रकारात इतका दूरवरचा विचार दिसत नाही.

याची जी उदाहरणे मला पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटतात त्यांतले एक टिम लामन यांचे. २०१६ च्या त्यांच्या विजेत्या चित्रात बोर्निओच्या जंगलातला ओरांगउटान वडवर्गीय झाडाच्या मुळाला धरून वर चढतो आहे, आणि त्याच्या खाली, खूप खाली, सगळे जंगल पसरले आहे. तीन दिवस दोरावरून वर चढून आणि खाली उतरून लामन यांनी जमिनीपासून सुमारे तीस मीटर उंचीवर गोप्रो कॅमेरे बांधले, आणि ओरांगउटान फळांसाठी परत आला तेव्हा जमिनीवरून, दुरूनच ते चालवले. गोप्रो! मुठीत मावणारा, लोक सायकलच्या दांड्याला लावतात तो कॅमेरा. त्याच वर्षी शहरी विभागात विजेते ठरलेले नयन खानोलकर यांचे चित्र मुंबईतल्या जंगलालगतच्या वस्तीत, एका अरुंद गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याचे होते. त्यात फ्लॅशची मांडणी अशी आहे की उजेड गल्लीतल्या नेहमीच्या दिव्यांचाच वाटावा. शिरासच्या स्फोटापासून या उजेडापर्यंतचा प्रवास मला या कलेतला सर्वांत मोठा पल्ला वाटतो. आणि २०२५ मध्ये विम फान डेन हेवर यांना ज्या चित्रासाठी गौरवले गेले, ते नामिबियातल्या कोलमान्सकॉप या ओसाड हिरेखाणीच्या गावातले. पडक्या घरापुढे धुक्यात एक तपकिरी तरस उभा आहे. तिथे त्याच्या पावलांचे ठसे त्यांना दिसले होते, तरस मात्र दिसत नव्हता. हवी ती चौकट मिळेपर्यंत दहा वर्षे गेली.

कॅमेऱ्यांतल्या अलीकडच्या बदलांविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यांचा गवगवा पुरेसा होतो. पूर्वीच्या पिढीने ज्या कोडाक्रोम फिल्मवर काम केले तिचा वेग ६४ असे. आज ६४०० वर, म्हणजे शंभर पट संवेदनक्षमतेवर, छापण्याजोगे चित्र मिळते. २०१९ च्या सुमारास कॅमेरे प्राण्याचा डोळा स्वतः ओळखून त्यावर फोकस धरू लागले. निकॉनने २०२१ मध्ये झेड ९ हा कॅमेरा यांत्रिक शटरशिवायच काढला, म्हणजे त्याला हलणारा पडदाच नाही आणि त्यामुळे तो आवाजही नाही. डोळा ओळखणाऱ्या फोकसने हौशी लोकांच्या हाती उडत्या पक्ष्यांची सुस्पष्ट चित्रे दिली, हे खरे. पण माझ्या मते या सगळ्यांतली सर्वांत मोलाची देणगी म्हणजे ती शांतता. तळ्याकाठच्या त्या खंड्याला जे ऐकू आले, ते आता कोणत्याही खंड्याला ऐकू येण्याचे कारण उरलेले नाही. सुस्पष्टता सर्वांना मिळू लागली म्हणून की काय कोण जाणे, पण गेल्या काही वर्षांतली विजेती चित्रे पाहिली तर परीक्षकांची नजर इतरत्र वळल्यासारखी वाटते. २०२२ मध्ये कारीन आयग्नर यांच्या चित्रात टेक्सासच्या तापल्या मातीवर निवडुंगावरच्या मधमाश्यांचा एक गोळा गरगरतो आहे. एका मादीभोवती झोंबलेले ते नर आहेत. त्या चित्रासाठी कॅमेरा मधमाशीच्या पातळीला, मातीशी आणावा लागतो.

पाण्याखाली मात्र माझ्या प्रश्नाचे उत्तर बदलते. पाणी उजेड आणि रंग दोन्ही गिळते, त्यामुळे तिथे लांब पल्ल्याची लेन्स निरुपयोगी ठरते आणि छायाचित्रकाराला खरोखरच जवळ, हातभर अंतरावर जावे लागते. तिथे त्याने स्वतःला नाहीसे कसे करायचे? शेन ग्रॉस यांच्या २०२४ च्या विजेत्या चित्रात कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावरच्या एका तळ्यात कमळाच्या देठांमधून हजारो बेडूकमासे वर पोहत चालले आहेत. ग्रॉस तासन् तास पाण्यात तरंगत राहिले, आणि तळाशी साचलेला गाळाचा आणि शेवाळाचा तलम थर आपल्या हालचालीने ढवळला जाऊ नये याची काळजी घेत राहिले. पायाचा एक चुकीचा फटकारा, आणि पाणी गढूळ झाले असते. त्या चित्रातले निवळ, हिरवट पाणी हा त्यांच्या संयमाचा पुरावा आहे. तांत्रिक तपशिलाच्या ओळीत त्याची नोंद कुठेही होत नाही. लोराँ बालेस्ता यांनी फ्रेंच पॉलिनेशियातल्या फकारावा येथे ग्रूपर माशांचे मीलन टिपले, त्याला २०२१ चा किताब मिळाला. ते मीलन वर्षातून एकदा, जुलैच्या पौर्णिमेच्या आसपास आणि फार थोडा वेळ चालते. ते आणि त्यांचे सहकारी पाच वर्षे तिथे परत परत गेले. दोनच वर्षांनी हॉर्सशू क्रॅब या समुद्री जीवाच्या चित्रासाठी त्यांना पुन्हा हाच किताब मिळाला. पौर्णिमा चुकली तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचे, ही अट ज्याने पाच वर्षे पाळली त्याच्या हातातला कॅमेरा कोणता होता, हे मला विचारावेसेही वाटत नाही.

याच कारणाने फसवणूक मला इतकी लागते. २००९ च्या किताबाचे चित्र, फाटकावरून झेपावणाऱ्या लांडग्याचे, पुढच्या वर्षी रद्द करण्यात आले, कारण तो लांडगा पाळीव असण्याची दाट शक्यता परीक्षकांना दिसली. चित्र देखणे होते, उजेड सुंदर होता, साधने उत्तम होती. आता अंतिम फेरीत आलेल्यांकडून कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण मूळ फाइल फार तर चित्रात काय बदलले ते सांगते, चित्राबाहेर काय घडले ते सांगत नाही. प्राण्याला आमिष दाखवले होते का, घरट्यावरच्या फांद्या मोडून बाजूला केल्या होत्या का, हे शेवटी छायाचित्रकाराच्या शब्दावरच घ्यावे लागते.

माझ्या त्या माळावर टिटव्या अजून येतात. गेल्या उन्हाळ्यात मी पुन्हा ती लेन्स मागून घेतली. स्नेह्यांनी या वेळी सोबत बिनआवाजाचा कॅमेराही दिला, आणि निघताना एवढेच विचारले, “पाणी घेतलेस ना?” गाडी कच्च्या रस्त्याच्या कडेला, घरट्यापासून चांगली साठसत्तर मीटरवर उभी केली, इंजिन बंद केले आणि खिडकीवर बीनबॅग ठेवली. लेन्समधून अंडी दिसतच नव्हती. दिसत होती ती फक्त त्यांच्यावर बसलेली टिटवी, चौकटीत अगदी लहान. ऊन चढत गेले. साडेदहाच्या सुमारास ती उठली, डबक्याकडे उडत गेली, आणि परत आली तेव्हा तिच्या पोटाची पिसे भिजून चिकटलेली होती. अंडी तापू नयेत म्हणून टिटवी पोट भिजवून आणते, हे मी वाचले होते, पाहिले कधी नव्हते. खळगीपाशी ती क्षणभर थांबली, पोटाखालून पाण्याचे दोन थेंब मातीत पडले, पाय दुमडून ती हलकेच खाली बसली आणि डावीउजवीकडे हलून तिने अंडी पोटाशी नीट लावून घेतली. हवा थरथरायला लागली होती, त्यामुळे कडा काही धारदार आल्या नाहीत. मी तीन चित्रे काढली. तिन्हींत टिटवी दुसरीकडेच पाहते आहे.